घट

उदगीरच्या मोंढ्यात नवाला सौदा निघतो.
साडेनवाला माझी मान खाली जाते
ती दिवे लागताना वर येते.
मधल्या वेळात मला दिसतात ते पाय.
केरबाच्या टाचेची भेग,
इलाहीची दोन जोडांतली चप्पल,
आणि कुणी रिकामा चालला असंल तर त्याचे हलके पाय,
ज्यांचा मला लगेच राग येतो.

आप्पांचे पाय दिसत नाहीत.
ते गादीवर मांडी घालून असतात.

परवा तोलकाट्याच्या शेडमध्ये बैठक झाली.
कट्ट्यामागं एक रुपया वाढवून मागायचा. एकच.
हात वर करा म्हणाले.
सतरा झाले. आम्ही चाळीस आहोत.
माझा हात मांडीखाली होता,
म्हणजे मीच त्याच्यावर बसलो होतो.

भीती म्हणाल तर तसं नाही.
भीती असती तर सांगायला बरं होतं.

माझा बाप गेला त्या दिवशी
आप्पा स्कूटरवर आमच्या गल्लीत आले.
बायकोनं शेजारून खुर्ची मागवली.
नको म्हणाले, खाली बसले,
ओल्या सारवणावर, पांढऱ्या धोतरानिशी.
उठले तेव्हा मागं शेणाचा डाग.
झटकलाही नाही.
ते एकदा खाली बसले
आणि मी एकवीस वर्षं उभा आहे.

पोरगी नववीत आहे, निकिता.
तिला म्हणलं, गणित घाल.
रोजचे दीडशे कट्टे, पन्नास किलोचा कट्टा,
सालाचे दोनशे चाळीस दिवस धर,
सण, अमावास्या, गुडघा वजा करून.
एकवीस सालं.
तीन कोटी अठ्ठ्याहत्तर लाख किलो, ती म्हणाली.
थांब बाबा, चुकलं असंल.
पुन्हा घातलं. तेवढंच आलं.
एवढं कुणाच्या पाठीवर बसतच नाही की.
मी शर्ट काढून दाखवला नाही.

खरं सांगतो, त्या आकड्याचा मला राग आला नाही.
कोटी म्हणजे लांबचा पाहुणा,
नाव ऐकून आहोत, घरी कधी आलेला नाही.
राग आला तो इलाहीचा.
गुरुवारी ट्रक भरायचे त्याला दोन रुपये जादा मिळाले
आणि त्यानं सांगितलं नाही.
रात्रभर ते दोन रुपये
पाठीत आकडा घुसावा तसे.

कट्टा पाठीवर असला की मान अशीच बसते.
आप्पांच्या घरावर तिसरा मजला चढला,
गोण्या मीच वाहिल्या सिमेंटच्या,
तरी रस्त्यानं जाताना तो मला दिसत नाही.
बाजूच्याची चाल तेवढी दिसते.

पदमीनबाई शेडच्या कडेला झाडणी घेऊन बसती.
सांडलेलं ते तिचं.
तिच्यापुढून जाताना माझा आकडा
कट्ट्यात जरा खोल रुततो,
सोयाबीन गळतं, मूठभर.
एवढी माझी चोरी. एवढंच माझं बंड.
कुणाला कळलेलं नाही असं मी धरून चाललो होतो.

दिवाळीत मुनीम जुनी वही बांधायले होते.
एक ओळ मला वाचता आली:
घट, शेकडा पाव किलो.
हे काय, मी विचारलं.
सांडतं, झिरपतं, पोरं उचलतात, ते म्हणाले.
धरलेलं असतंय आधीच. तुझ्या बापाच्या काळापासून.

आज सकाळी आप्पांनी विचारलं,
गुडघा कसाय, लिंबाजी?
बरा आहे म्हणालो.
वाकलो. पहिला कट्टा चढला.

काल रात्री निकिता झोपत नव्हती.
किलो राहू दे, म्हणाली, नुसते कट्टे धरते
आणि त्या एका रुपयानं गुणते.
एकानं गुणलं तर तेवढंच राहतंय, मी म्हणालो.
हो, तेवढंच.
मग सात लाख छप्पन्न हजार लिहून
पेन तोंडात धरून
माझ्याकडं बघत बसली.