अर्धी गोळी

चूक माझीच. आधी तेवढं लिहून ठेवतो.

अन्नाचा उजवा अंगठा उडायचा आधी,
मग मनगट, मग कोपर,
खांद्यापर्यंत चढत जायचा झटका
आणि अन्ना शुद्धीत,
आपल्याच हाताकडे परक्यासारखा बघत.
विड्या वळता वळता वहिनी उठून चप्पल हुंगवायची.
मग कार्बामाझेपिन सुरू झालं. दीड वर्ष झालं,
अन्नाचा हात अन्नाच्या ताब्यात आहे.

अनुषा पडायची नाही, थरथरायची नाही.
घास हातात धरून थांबायची,
पापण्या जराशा फडफडायच्या,
दहा मोजेपर्यंत ती घरात नसायची.
परत येऊन तोच घास खायची, शेंगाचटणीचा,
मधून काही गळलंच नाही अशी.
म्हेत्रेबाई म्हणाल्या, लक्ष नसतं हिचं.
मी म्हणालो, आमच्या घरातच आहे ते,
आणि अन्नाच्या पाकिटातली गोळी
विळीवर अर्धी केली.

आठ दिवसांत ती इतकी जाऊ लागली
की मोजणं सोडलं.

डॉक्टर बिराजदार ओरडल्या नाहीत.
काम काय करता, विचारलं.
जॉबर. अशोक चौकामागं, टॉवेलचे चोवीस माग.
मग तुम्हाला कळेल, म्हणाल्या.
तुमच्या भावाचा कोपऱ्यातला एकच माग पिसाटतो.
पेशीला दारं असतात, सोडियम आत यायला,
मिठातलंच ते.
दार उघडतं, मिटतं, लगेच उघडू बघतं.
ती गोळी मिटल्या दाराला
पाठ लावून बसते, क्षणभरच.
सावकाश येणाऱ्याला वाट देते,
धडका मारणाऱ्याला नाही.
म्हणून अन्ना बोलतो, हसतो, पगार मोजतो
आणि अंगठा गप्प.

मुलीचं वेगळं.
कागदावर दाखवलं त्यांनी : टोक, लाट, टोक, लाट,
सगळ्या रेघा एकदम,
सेकंदाला तीन.
माझा माग दोन मारतो.
मेंदूच्या खोल तळाशी ताल धरणारं
हे दार कॅल्शियमचं,
आणि भावाच्या गोळीनं हा ताल
मोडत नाही, उलट चढतो.

सगळ्या तऱ्हांना चालणारं एक औषध आहे,
पण मुलगी आहे. मोठी होईल,
पोटातल्या बाळाला बाधतं ते.
आधी हे दुसरं बघू.
नऊ वर्षांची आहे अनुषा.
इतक्या लांबचं तिच्याबद्दल
आजवर कुणी बोललं नव्हतं.

सिरप पुण्याहून येतं.
हळूहळू वाढवायचं, उचकी लागेल, पोट दुखेल,
एकदम बंद करायचं नाही, भावाचंही नाही.
वहीच्या मागच्या पानावर लिहिलंय सगळं,
बीमच्या नंबरांखाली.

काल घास हातात धरून थांबली.
वहिनीचा सुपातला हात थांबला.
मी मोजायला लागलो, एक, दोन,
तीन, चार,
‘बाबा, लई तिखट केलंय आज,’ म्हणाली.
नुसता विचार करत होती.