उकळून, गाळून

आश्विन लागला की लीव्हनसाहेबाला घर आठवायचं.
गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत भट्टी बसवायला आलेला,
वर्षाचा करार, ताराबाई पार्कात भाड्याचा फ्लॅट,
आणि कंपनीची गाडी, म्हणजे मी.

"आदगोंडा," म्हणायचा, त्याच्या तोंडी ते आडाकोंडा व्हायचं,
"आमच्याकडं आता पानं पिवळी झाली असतील.
रविवारी आम्ही मठात जातो.
मठात बिअर असते."
मी आरशातून बघितलं. चेष्टा करत नव्हता.

इथं आश्विनात पिवळं काय होतंय?
झेंडू तेवढा.
ऊस हिरवागार, तुऱ्याच्या बेतात,
ऊन असं की स्टेअरिंग हात लावू देत नाही.
तरी म्हटलं, चला.

पहिल्या रविवारी प्रयाग चिखलीकडं, गुऱ्हाळावर.
हिंदुराव गुळव्या काहिलीजवळ उघडाच उभा,
मळी काढत, चुलवाणात चिपाडं ढकलणाऱ्या पोराला शिव्या घालत.
त्यानं उकळता पाक चिमटीनं पाण्यात सोडला,
गोळी वळली, काहिलीच्या काठावर आपटली.
टण्.
"झाला," म्हणाला.
साहेबानं डोळे मिटले.
"माझा थोरला भाऊ," म्हणाला, "असाच कान देऊन ऐकतो. पिपाला.
तो साधू आहे. वीस वर्षं घरी आला नाही."
मग गरम काकवी जिभेवर पोळली
आणि बराच वेळ कोणी बोललं नाही.

दुसऱ्या रविवारी त्याला मठच हवा होता.
मी कुंभोजचा. नेला आमच्या डोंगरावर.
पायऱ्या चढताना दोनदा बसला,
वर बाहुबलीच्या पायाशी टोपी काढून उभा राहिला,
अंगठ्याएवढीसुद्धा आपली उंची नाही, असं काहीसं बोलला.
खाली एका महाराजांचा चातुर्मास होता.
दिवसातून एकदा आहार, तोही ओंजळीत,
आणि कार्तिकापर्यंत गाव सोडायचं नाही.
साहेब म्हणाला, "त्यांना विचार, इथं काय तयार करतात?
आणि सांग, आमचे साधू बिअर करतात. उपासाला.
तिला आम्ही पातळ भाकरी म्हणतो."

आता हे कसं सांगायचं?
माझ्या घरात आदल्या दिवशीचं ताक चालत नाही.
मी हात जोडले. म्हटलं,
"महाराज, यांच्याकडचे मुनी सातूचं पाणी करतात."
महाराजांनी विचारलं, "उकळून?"
"उकळूनच."
"गाळून?"
"गाळून, महाराज."
मान हलवली. बरं वाटलं त्यांना.
मलाही वाटलं, खोटं कुठं बोललो?
मग त्यांनी विचारलं, "आणि किती दिवस ठेवतात?"

तिथं मला एकदम गाडीची किल्ली सापडेना.

परतताना हातकणंगल्याच्या फाटकात आगगाडीसाठी थांबलो.
साहेब विचारत होता, काय म्हणाले, काय म्हणाले.
मी म्हटलं, तुमच्या भावाला आशीर्वाद दिला.
हे मात्र खोटं होतं.
तो खिडकीतून उसाकडं बघत राहिला,
आणि तुरे नसलेल्या त्या शेताला
काहीतरी पुटपुटला, त्याच्या भाषेत.

भट्टी बसली. साहेब गेला.
तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर खोकं आलं,
भुशात एक बाटली, चिठ्ठीवर तीन ओळी:
भाऊ गेला. हे त्याच्या हातचं शेवटचं.
महाराजांना सांग.

महाराज तेव्हा कुठं विहारात होते कोण जाणे.
त्रिशला म्हणाली, "दारू घरात नको."
म्हटलं, "मठातली आहे."
ती थांबली. पदरानं बाटलीवरचा भुसा पुसला.
देव्हाऱ्यात तर ठेवता येत नाही,
स्वयंपाकघरात ती ठेवू देणार नाही.
म्हणून गॅरेजच्या खिडकीत, ऑइलच्या डब्यांशेजारी.

ऑक्टोबरात चारच्या सुमाराला ऊन तिच्यातून येतं
काकवीच्या रंगाचं,
आणि जॅकवर, स्पॅनरवर, माझ्या पालथ्या हातावर पडतं.
लेबलावरची तारीख कधीच उलटली.
किती दिवस ठेवतात, ते अजून मला माहीत नाही.