पलटण, स्त्रीलिंगी

गंगावेशीतल्या छापखान्यात
मी कोशाची प्रुफं वाचतो.
'प' लागून तिसरा आठवडा,
तेव्हा एका दुपारी पान चारशे बारावर
पलटण आली.

मूळ कुठलं, यावर संपादकांचं एकमत नाही.
एकजण म्हणतो बटालियन, दुसरा प्लटून.
दुसऱ्याची तळटीप लांबलचक :
प्लटूनच्या मागं कुणी फ्रेंच शब्द,
त्याचा जुना अर्थ, सुताचा लहान गुंडा.
गुंड्यासारखी आवळून बांधलेली माणसं.
गोऱ्या साहेबाच्या तोंडून सुटला,
कवायतीच्या धुळीत पडला,
आमच्यांनी उचलला तेव्हा
त्याचा एक दात पडलेला होता.

आता तो शाहू स्टेडियमवर असतो.
पेठेची पलटण झेंडे घेऊन निघते,
मॅच हरली तरी हलगी थांबत नाही.
मिसळवाला आत ओरडतो,
"पलटण आलीया, कट वाढवा!"
सात जण, दोन मोटरसायकली.
बहिणीची चार पोरं दारात दिसली की
मीही म्हणतो, आली पलटण.
शब्दातून बंदूक गेली,
नुसती गर्दी उरली,
तीही उपाशी.

सुट्टीला टाकळीला गेलो.
बायजाकाकी वाकळ शिवत बसलेली.
म्हटलं, काकी, पलटण म्हंजी सुताचा गुंडा.
ती हसली नाही.
"कोण म्हणतंय?
पलटण म्हंजी पलटून येती ती.
जाती, आन् पलटती.
तुझ्या सुबरावकाकानंच सांगितल्यालं,
एस्टीच्या पायरीवर उभा ऱ्हाऊन."

पासष्टच्या भादव्यात तार आली.
तारेत 'बेपत्ता' होतं.
बेपत्ता म्हणजे मेला नव्हे,
एवढं तिला मास्तरांनी समजावलं,
तेवढं ती साठ वर्षं पाळत आली.
पेन्शनच्या कागदावर विधवा,
कपाळावर कुंकू.

शेजारच्या मगदुमांचा प्रज्वल भरती झालाय.
पहाटे कृष्णेच्या मळीनं पळायचा, अनवाणी.
चार वर्षांचा करार.
निघताना त्याची आई रडायला लागली,
तर काकी म्हणाली, "रडतीस कशाला?
ह्यो नक्की पलटणार. कागदावरच लिवलंय."
हसावं का, कुणालाच कळेना.

कोशात तिचा अर्थ बसत नाही.
व्युत्पत्ती चूक आहे, मला ठाऊक आहे.
तरी परत आल्यावर समासात
पेन्सिलीनं लिहिलीच.
मालकांनी खोडली. बरोबर खोडली.

त्या दिवशी बोलता बोलता
तिच्या मांडीवरून दोऱ्याचा गुंडा सुटला,
घरंगळत उंबऱ्याला जाऊन टेकला.
मी उठत होतो, ती म्हणाली, बस.
टोक तिच्या हातात होतं.
ती ओढत राहिली.
गुंडा जागच्या जागी फिरत होता,
लहान होत.