सात पूर्णांक चार

पावणेसातला हुसाविकमध्ये अजून मध्यरात्रच असते,
नोव्हेंबर आहे, सूर्य दहाला डोळे उघडेल, तेही किलकिले.
मी दारासमोरचा बर्फ खरवडते, दिवे लावते,
आणि ते येतात, लोकरी टोप्या डोक्यावर ठेवूनच
गरम कुंडात उतरतात
गळ्यापर्यंत.
वर फक्त डोकी, वाफ, आणि जगाच्या बातम्या.

आजची बातमी: देवमाशांची भाषा यंत्राला कळली.
यंत्राने म्हणे हाक मारली,
आणि खालून एका मादीने ओ दिली.

"चाळीस नमुने," हाल्बेरा म्हणते.
गणित शिकवायची. बोट अजून खडू धरल्यासारखं.
"चाळीस! माझ्या वर्गात चाळीस पोरं असायची.
त्यांच्यावरून निष्कर्ष काढला असता
तर माणूस हा खिडकीबाहेर बघणारा प्राणी आहे,
एवढंच निघालं असतं."

सिंद्री सर्व्हरच्या गोदामातली रात्रपाळी संपवून थेट इथे येतो.
"दोन वर्षं थांबा फक्त."
तो सगळ्यांनाच दोन वर्षं देतो.
उडत्या गाडीला दिली, कर्करोगाला दिली,
स्वतःच्या लग्नालाही.

थोरगेर्दुर विचारते, पैसा कुणाचा?
प्रश्न जड असतो, तळाला जाऊन बसतो,
मग सगळे त्यावरच पाय टेकवून वाद घालतात.

आणि केतिल.
केतिलचा आवाज सगळ्यांच्या वर.
बत्तीस वर्षं बोटीच्या इंजिनघरात काढली,
कान तिथेच ठेवून आला.
कानाचं यंत्र आहे त्याच्याकडे, पण त्याला पाणी चालत नाही,
ते बुटात ठेवतो, डाव्या.
म्हणजे अकरा वर्षं हा माणूस
एकही मुद्दा न ऐकता खोडून काढतोय.
हे फक्त मला ठाऊक. बूट मीच सरळ करते ना.

शुक्रवारी सिंद्रीने फोन आणला, पावाच्या पिशवीत गुंडाळून.
"ऐका."
सगळे गप्प. इतके, की जाळीतून पाणी गिळल्याचा आवाज आला.
मग फोनमधून: घुम्. घुम् घुम्. घुम्.
हाल्बेराचं बोट खाली आलं.
थोरगेर्दुरने पैशाचं काढलं नाही.
माझ्याही, खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला,
तपासणीची नळी हातात तशीच.

केतिलने पिशवी ओढून घेतली,
जबड्याच्या हाडाला लावली, डोळे मिटले.
"तीन सिलिंडर," तो म्हणाला. "डिझेल.
मधल्याचा व्हॉल्व्ह सैल आहे. कुणीतरी बघायला हवा."

केवढे हसले! सिंद्री तर वाफेत दिसेनासा झाला.
केतिललाही वाटलं काहीतरी विनोद झाला असावा,
तोही हसला, सगळ्यांत उशिरा.

तीन आठवड्यांनी दुरुस्ती छापून आली,
हवामानाच्या खाली, चार ओळींत:
ती ओ देवमाशाची नव्हती,
जवळून गेलेल्या एका मासेमारी बोटीची होती.
व्हॉल्व्हबद्दल काही नव्हतं.

कुंडात सगळे म्हणाले, मी म्हटलंच होतं.
हाल्बेराने चाळीसचा हिशेब पुन्हा मांडला,
सिंद्रीने दोन वर्षं नव्याने मोजायला घेतली.
केतिलकडे कुणी पाहिलं नाही,
आणि त्यालाही पत्ता नव्हता. तो मिठाच्या बॅटऱ्यांवर तापला होता,
मीठ तिथे गंज, म्हणत होता, बोटीवर विचारा कुणालाही,
आणि तिथे, मला वाटतं, तो साफ चुकत होता.

मी वाकून नळी बुडवली, थेंब टाकले,
रंग चढू दिला, दिव्यापुढे धरली.
सात पूर्णांक चार.
केतिल माझ्या ओठांकडे बघत होता.
मी पुन्हा म्हटलं, मोठ्याने नाही, नीट.
"काल पाच होतं!" तो ओरडला.

नव्हतं.
पण आत जाऊन मी वही उघडली.