तिसरा फलक

वडाळीभोईच्या फाट्यावरून आत वळलं
की कांद्याच्या चाळी संपायच्या आत
माझ्या हातचे तीन फलक लागतात.
पहिल्यावर नुसता बाण: धोडपकडे.
दुसऱ्यावर सन, सतराशे अडुसष्ट.
तिसरा बाभळीखाली, जरा कललेला,
ट्रॅक्टरनं धडक दिली होती मागल्या शिमग्याला.

मी रोजंदारीवरचा पेंटर. आधी दुकानांच्या पाट्या,
मग निवडणुकीच्या भिंती, मग बांधकाम खात्याचे दगड,
डोकं पिवळं, अंग पांढरं, आकडा काळा.
दगडाचं बरं असतं.
चौदा म्हणजे चौदा,
जाणारा कुठल्याही बाजूचा असो.

साहेबांनी मजकूर टाइप करून दिला, तीन कागद.
तिसऱ्यावर होतं:
‘या माळावर शत्रूसैन्याचा पराभव झाला.’
पत्र्याला रेड ऑक्साइड मारला, वर निळा हात दोनदा,
खडूची दोरी ताणून ओळी पाडल्या.
कडेची अक्षरं आधी काढायची माझी सवय,
‘या माळावर’ झालं, ‘सैन्याचा पराभव झाला’ झालं,
मधल्या दोन अक्षरांसाठी सहा नंबरचा ब्रश बुडवला
तर मागून शेळ्या राखणारा पुंजा बागूल म्हणाला,
‘पेंटर, कोनाचा शत्रू?’

‘कागदावर आहे तो.’
‘चुलत्या-पुतण्याची लढाई व्हती ना?
दोघांच्या तोंडी एकच देव, म्हनत्यात.
मंग तू कोनाकडून लिवतो?’
मी म्हटलं, मी मीटरवर लिहितो, चौरस फुटावर.
तो हसला. म्हणाला, माझं काय,
माझ्या शेळ्यांना वाचताच येत नाही.

पण मग ओढ्यापलीकडे घेऊन गेला.
हरभऱ्याच्या वावरात सहा-सात दगड उभे,
शेंदराखाली नाकडोळे गेलेले,
एकाच्या हातात तलवार असावी, किंवा काठी.
यातला कोण काकाकडचा, कोण पुतण्याकडचा,
त्याच्या आज्यालाही ठाऊक नव्हतं.
आखाजीला पुंजाची बायको घागर भरते,
एकच, सगळ्यांना मिळून.
‘कुणाचे पितर म्हणून?’
‘कोनाचे तरी असतीलच की.’

परत येऊन साहेबांना फोन लावला.
मीटिंगमध्ये होते. म्हणाले, ‘विरोधी’ लिही आणि मोकळा हो.
पण ओळ आखून झालेली.
दोन अक्षरांच्या जागेत तीन बसेनात,
दाबून बसवली तर माझाच हात हसू होणार.
उन्हं उतरली. टर्पेंटाइन संपलं.
तेवढी जागा तशीच सोडली आणि डबे बांधले.

या माळावर        सैन्याचा पराभव झाला.

वाक्य मोडलं नाही, हेच मला नवल.
बिल पास झालं. फोटो निघाले. कुणी विचारलं नाही.
पोरं मात्र खडूनं ती जागा भरत राहतात:
एका वर्षी शेजारच्या गावाची क्रिकेट टीम,
एका वर्षी पडलेला उमेदवार,
एकदा कुणीतरी ‘माझ्या’.
ऊन सगळंच उडवतं.
वर धोडपच्या भिंतीला ती मोठी खाच,
पडलेल्या दातासारखी,
तिच्यातून पलीकडचं आभाळ दिसतं.

त्या दिवशी परतीची एसटी पिंपळगावात थांबली.
स्टँडसमोर चुलत्याचं रंगाचं दुकान,
पाटी माझीच, मिसरूड फुटलं तेव्हाची:
निकुंभ आणि पुतणे.
शेवटचे दोन शब्द त्यानं स्वतः खरवडलेत,
गाळ्याची वाटणी झाली त्या आठवड्यात.
प्रायमर मी चांगला मारला होता.
अजून वाचता येतात.
कंडक्टरनं दोनदा बेल दिली तोवर
मी खिडकीतून बघत होतो
शटर उघडं आहे का.

यंदा फलक टच-अप करायला गेलो.
पुंजा नव्हता. शेळ्या होत्या, नातू राखतो आता.
एक पाठ खाजवत होती खांबाला,
पत्रा हलत होता,
आणखी थोडा कलला.
मी तिला हाकललं नाही.