चार मिलिमीटर

खोका आलाय. थर्माकोलात बासष्टचा पिस्टन,
रिंगा मेणकागदात, नवा सिलिंडर, गलेलठ्ठ,
आणि कुठल्याशा भाषेतला एक कागद.
त्यातले आकडे तेवढे कळतात.

माझा जुना अठ्ठावन्नचा.
गाडी एकेकाळी रस्त्यावरची. मग दिवे काढले,
आरसे काढले, पुढून-मागून उंच केली, गुटख्यांचे टायर घातले.
आता ती कायद्याने कुठेच जाऊ शकत नाही.
रविवारी पहाटे हनीफच्या टेम्पोत बांधून नेतो
भांडुपच्या मिठागरापलीकडे,
जिथे कुणाच्या तरी इमारतीच्या पायातली माती
कुणी तरी आणून ओततंय.
त्या भरावाचं टेकाड.
पाऊण चढतो. मग इंजिन घोगरं होतं,
क्लच मारला की क्षणभर किंचाळतं, आणि बसतं.
मी पाय टेकतो. मागचं चाक
कोंबडीसारखं माती उकरत राहतं.

कुर्ल्यात ऑस्कर मिस्किटाचं लेथ. बाहेर पाटी नाही.
तो माझी क्रँककेस हातात घेतो,
अंगठा तोंडावरून फिरवतो, एक फेरी, दुसरी फेरी.
"लायनर जाड आहे. अशी बसणार नाही.
केसचं तोंड कापावं लागेल.
कापलं म्हणजे कापलं. जुना सिलिंडर मग
आत धरून राहणार नाही.
आणि वरच्या नव्या पिस्टनचा मार
खालच्या जुन्या क्रँकनेच खायचा."

हे मला सांगायला नको.
दादरला दातांच्या लॅबमध्ये एकवीस वर्षं टोप्या ओततोय.
तासलेल्या दातांचे ठसे येतात माझ्याकडे.
आजवर एकाही डॉक्टरचा फोन आला नाही
की दात पुन्हा वाढला, टोपी राहू दे.

आणि गंमत बघा,
ताकद वाढवायची म्हणजे आत काही घालायचं नाही,
भोक मोठं करायचं.

एक गोष्ट मात्र ऑस्करला सांगितलेली नाही.
मागच्या रविवारी निनाद पाटकर आला होता.
वय एकोणीस, वजन बावन्न, हेल्मेट धरून.
"काका, जरा देता?"
दिली.
दुसऱ्या गिअरमध्ये, उभा राहून, कोपरं बाहेर,
टाकी गुडघ्यांत आवळून
गेला की वर. माझ्याच गाडीवर, माझ्याच अठ्ठावन्नवर.
वरून हातसुद्धा हलवला नाही;
काही झालंय हे त्याला कळलंच नव्हतं.
मी खाली धुरात, तेलाचा तो जळका गोड वास घेत.
माझं वजन विचारू नका.

ऑस्कर चहा सांगतो.
मी जुना सिलिंडर उचलून डोळ्याला लावतो:
गोल कुर्ला. एक हातगाडी, तिच्यामागे
अर्धी बाई, अर्धी पिशवी.
मग नवा लावतो.
तीच हातगाडी. पूर्ण बाई, पिशवीतून डोकावणारा मुळा.
चार मिलिमीटरमध्ये एवढं मावतं.

"कापू?"
लेथ नुसतंच फिरतंय.
मी म्हणतो, मागचा स्प्रॉकेट बदलला तर?
तो चहाचा घोट संपवतो. "दोन दात वाढव.
साडेचारशे. नाही जमलं तर काढून टाक."

दात वाढवता येतात, आणि नको झाले तर
जसेच्या तसे परतही करता येतात,
असं एकवीस वर्षांत मला कुणी बोललं नव्हतं.

खोका ऑस्करच्या फळीवरच ठेवून आलोय.
वर मार्करने नाव लिहिलंय. कुणी विचारलं तरी
विकू नकोस म्हटलं, आणि हेही म्हटलं
की अजून कापूही नकोस.
रविवारी बघू.
तिकडे रोज रात्री डंपर येतात.
टेकाड तरी कुठे आहे तेवढंच राहणार आहे.