दोर

हळदोण्यात, कायतान फुर्तादोच्या बल्कांवावर
मी पेपर वाचते, तो डोळे मिटून ऐकतो.
एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसरा राहिलाय.
खाणी, पंचायत, आणि पान सातवर
चार ओळींची बातमी:
केनियात नव्या घटनेवर मतदान पार पडलं.
हो म्हणजे हिरवं, नाही म्हणजे तांबडं.
निकाल उद्या.

"परत वाच, बाय."

चाळीस वर्षं तो नाकुरूला, रेल्वेच्या मालधक्क्यावर
पोत्यांचे आकडे लिहीत होता.
सदुसष्टच्या जानेवारीत इथं फूल की दोन पानं ठरलं
तेव्हा तो तिथं.
आता तिथं ठरतंय, तर तो इथं.
"माझ्या बोटाला शाई लागली ती पेनाचीच."

काल रात्री मुइरुरीचा फोन आला होता.
अडीच वर्षांपूर्वी, निवडणुकीनंतर,
त्याच्या दारावर कुणी खडूनं फुली मारली,
दोन दिवसांत लाकडाची वखार गेली.
चार महिने मैदानातल्या तंबूत,
बायकोच्या शिलाई मशीनसकट.
काल पहाटे पाचला तो रांगेत उभा राहिला.
पुढं तीन माणसं सोडून
रॉकेल आणणारा उभा.

"मग?"
"मग काय. रांग सरकली.
त्यानं विचारलं, वखार परत कधी उघडतोस.
मुइरुरीनं घड्याळ पाहिलं."

मी नऊ वर्षांची होते. बाबा मराठी शाळेत मास्तर.
शाळेच्या गडग्यावर गेरूनं फूल काढायचे, आठ पाकळ्यांचं.
सकाळी त्यावर शेण. पुन्हा फूल. पुन्हा शेण.
एका रात्री फुर्तादोंच्या खिडकीची शिंपल्यांची तावदानं फुटली;
कुणी फोडली, हे आमच्या घरात कुणी विचारलं नाही.
निकालादिवशी त्यांच्या अंगणात फटाके,
आमची चूल उशिरा पेटली.
आणि दुसऱ्या सकाळी
दोन घरांमधल्या विहिरीला दोर नव्हता.
शिमग्यापर्यंत दोन्ही घरं झरीवर गेली,
वेगवेगळ्या वेळी.

त्यांनी काढला, असं मी आजवर सांगत आले.
माळ्यावर मीच पाहिला होता तो,
नकाशांच्या गुंडाळ्यांमागं. ओला.

पेपरची घडी घालताना म्हणाले,
कायतानबाब, दोर बाबांनी काढला होता.

त्यानं डोळे उघडले नाहीत.
"म्हाका खबर आशिल्लें.
एस्पेरांसनं तेव्हाच लिहिलं होतं नाकुरूला:
मास्तरांना गाठ सुटेना, अर्धा तास झटत होते.
मी खिडकीतून बघत होते.
हाक मारावीशी वाटली. मारली नाही."

विहिरीवर आता जाळी आहे, पंप आहे.
पंप सुरू झाला, बंद झाला.

"बाय," तो म्हणाला,
"बातमी चार ओळींची म्हणालीस.
दोन्ही वेळा तीनच वाचल्यास."

मी पेपर उघडला.
चौथ्या ओळीत मेलेल्यांचा आकडा होता.